ताई, गाडी सोडू का स्वतःची घेऊ?

पत्र थोडक्यात असं आहे. सोलापूरचे एक दादा, वय 39, सोळा वर्षं ट्रकवर. सध्या बारा टायर गाडीवर सोलापूर ते दिल्ली, आणि तिथून जिकडचा माल मिळेल तिकडं. महिन्यातनं चार-पाच दिवस घरी, तेही कधी ते आधी सांगता येत नाही. घरी आई, तिला शुगर आहे. बायको विड्या वळते, मुलगी दहावीला, मुलगा पाच वर्षांचा. पगार-भत्ता धरून 26-27 हजार पडतात, घराच्या स्लॅबसाठी शेठकडनं 60 हजार उचल घेतलीय ती अजून फिटायचीय. बायको म्हणते लाइन सोडा, एमआयडीसीत लागा, कमी मिळालं तरी चालेल. आई आणि मोठा भाऊ म्हणतात मुलगी लग्नाला येईल आता, आत्ता कुठं सोडतोस. आणि शेठ म्हणतोय माझी जुनी गाडी घे, 9 लाखाला देतो, फायनान्स मी बघतो. दादा लिहितात, "मी सगळं घरच्यांसाठीच करतो ताई, मग घरी गेलो की पाहुण्यासारखं का वाटतं? पोरगं जवळ येत नाही, मुलगी विचारलं तेवढंच बोलते, बायको पैशाचं सोडून काही बोलत नाही. गाडी सोडू का स्वतःची घेऊ?" सोबत बायकोनं त्यांना पाठवलेला एक फोटो आहे, मुलीच्या भूगोलाच्या वहीचं मागचं पान, त्यात ओळीनं लिहिलंय बीड, धुळे, सेंधवा, गुना, आणि गुनाच्या पुढं काही नाही. आणि पत्राच्या अगदी खाली, नमस्कार लिहून झाल्यावर, एक ओळ. मागच्या महिन्यात शिवपुरीच्या अलीकडं पहाटे डोळा लागला, गाडी रोडच्या खाली उतरली, कुणाला काही झालं नाही, घरी सांगितलेलं नाही.

दादा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा खालून वर वाचलं. कारण तुम्ही नोकरी, गाडी, लग्न, उचल हे सगळं दोन पानं लिहिलंत आणि जे सगळ्यात मोठं आहे ते एका ओळीत, तेही नमस्कारानंतर. म्हणून मी तिथनंच सुरू करते, रागावू नका.

साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. डोळा तीन सेकंद लागला तर 50 मीटर गाडी कुणीच चालवत नव्हतं, मागं वीस-बावीस टन माल घेऊन. त्या वेळेला समोर उभा ट्रॉली-ट्रॅक्टर नव्हता, पायी चाललेलं कुणी नव्हतं, एवढंच. पहाटे दोन ते पाच हा वेळ माणसाच्या शरीराचा झोपेचाच असतो, सोळा वर्षांचा अनुभव असो का एक वर्षाचा, शरीर तेच. चहा, तंबाखू, मोठ्यानं गाणी, खिडकी उघडी ठेवून तोंडावर वारं घेणं, हे सगळे करतात, पण त्यानं झोप जात नाही हो, ती आली आहे हे फक्त उशिरा कळतं. जांभया, डोळे चुरचुरणं, मागचा टोल कधी गेला ते न आठवणं, यातलं एक जरी झालं की गाडी बाजूला लावायची. पंपावर, ढाब्यावर, जिथं उजेड असेल तिथं, आणि वीस-पंचवीस मिनिटं तरी डोळे मिटायचे. डोळे मिटायच्या आधी चहा पिऊन झोपलात तर उठायच्या सुमाराला तो लागू होतो. पण ही तात्पुरती सोय आहे, रात्रीच्या झोपेची बरोबरी त्यानं होत नाही.

तुम्ही म्हणाल ताई, थांबून कसं चालेल, माल टायमात पोचवायला लागतो. तर हे नीट बघा. ई-वे बिलाला, म्हणजे मालाबरोबर असतो त्या जीएसटीच्या कागदाला, साध्या मालाच्या गाडीसाठी 200 किलोमीटरला एक दिवस धरलेला असतो. दिल्ली सोळाशे किलोमीटर धरा, म्हणजे कागदावर आठ दिवस आहेत, आणि अडचण आली तर मुदत वाढवूनही मिळते. तुम्ही लिहिलंय शेठ तीन दिवसात पोच म्हणतो. मग ही घाई कायद्याची नाही, ही घाई शेठची आणि माल पाठवणाऱ्या पार्टीची आहे, आणि जी घाई माणसानं लावलीय ती माणसाशी बोलून कमी करता येते, निदान बोलून तरी बघता येते. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा 1961 सालीच झाला, त्यात दिवसाला आठ तास, लांबच्या रूटला फार तर दहा, आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर ठेवायचा नियम होता, तो 2018 मध्ये काढला. तेव्हापासून एकाच माणसाच्या डोळ्यावर सगळा भार आलाय. शेठला सरळ सांगा, चार दिवस द्या नाहीतर लांबच्या ट्रिपला दुसरा ड्रायव्हर द्या, रात्री एक ते पाच मी गाडी चालवणार नाही. ते चिडतील, मला माहितीय. पण चांगले ड्रायव्हर आज सहज मिळत नाहीत हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहितीय, आणि सोळा वर्षं गाडीला ओरखडा न आणणारा माणूस तर नाहीच.

आता पाहुण्यासारखं का वाटतं ते.

माझे मामा लाँगवर होते, आसामला जायचे, दीड-दोन महिन्यांनी यायचे. ते आले की मामी आम्हा पोरांना दबक्या आवाजात ओरडायची, गप्प बसा मामा झोपलेत. मामा उठले की पहिलं स्वयंपाकघरात जायचे आणि वरच्या फळीवरचे डबे खाली आणून ठेवायचे. त्यांना मनापासून वाटायचं की मी मदत करतोय, बायकोला वर हात लागत नाही. मग मामा गेले की मामी स्टूल घ्यायची आणि सगळे डबे परत वर, एकही शब्द न बोलता. डबे वर होते कारण खाली मुंग्या लागायच्या. मामांनी कधी विचारलं नाही आणि मामीनं कधी सांगितलं नाही, असं किती वर्षं चाललं काय माहिती.

तुम्ही लिहिलंय की घरी गेल्या-गेल्या तुम्ही गॅस कधी संपला, फी किती भरली, आईच्या गोळ्या वेळेवर आणल्या का असं सगळं विचारता, आणि बायको तुटक बोलते. दादा, तुम्हाला ते काळजी वाटते, तिला ते चेकिंग वाटतं. ती बाई पंचवीस दिवस एकटी ते घर चालवते. पानं भिजवायची, कात्रीनं मापात कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, मग पाटी घेऊन कारखान्यात जायचं, तिथं छाट म्हणून जेवढ्या बाजूला काढल्या त्याचे पैसे नाहीत, येताना परत पानं-तंबाखू. त्यात सासूची शुगर, पोराचा ताप, दहावीचं वर्ष. घर तुमच्याशिवाय चालायला शिकलंय, शिकायलाच लागलं, त्यात तुम्हाला बाजूला काढायचा कुणाचा विचार नव्हता. आणि ती पैशाचंच बोलते असं म्हणता, पण तुमचा फोन कधी येतो ते बघा. ढाब्यावर, मागं हॉर्न, जेवण समोर आलेलं, दोन मिनिटं. दोन मिनिटात माणूस जे अडलंय तेच सांगणार, स्वतःच्या मनातलं कुठनं काढणार.

म्हणून गाडी सोडू का घेऊ हा प्रश्न तुम्ही विचारलात त्याच्या मागं एक गोष्ट तुम्ही धरून चालला आहात, ती मला पटत नाही. तुम्हाला वाटतं मी लांब आहे म्हणून घर लांब गेलं, जवळ आलो की जवळ येईल, किंवा पैसे जास्त आले की सगळे मान देतील. मी मुलीच्या वहीचं ते पान खूप वेळ बघत बसले. बीड, धुळे, सेंधवा, गुना. ती तुमच्या मागं-मागं रस्त्यानं येत होती. गुनाच्या पुढं तिला कुणी सांगितलंच नाही पप्पा कुठं आहेत. तारीख बघितली तर त्याच आठवड्यात शिवपुरीजवळ ते झालं होतं, तुम्ही तीन दिवस नीट फोन केला नाहीत, घाबरला होता म्हणून. तुम्ही घरात नसता हे तिला लहानपणापासून माहितीय, त्याची सवय झालीय. तुम्ही कुठं आहात, कधी येणार, आणि आलात तर किती दिवस, हे माहिती नसणं, त्याची सवय होत नाही कुणाला.

आता एकेक पर्याय बघू.

शेठची गाडी. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण असली पत्रं मला बरीच येतात. 9 लाख, व्याज 14 टक्के धरलं आणि चार वर्षात फेडायचं म्हणलं तरी हप्ता साडेचोवीस हजारांच्या आसपास बसतो. म्हणजे आज तुमचा जेवढा पगार आहे जवळपास तेवढा नुसता हप्ता. त्याच्यावर इन्शुरन्स, बारा टायर गाडीचा नुसता थर्ड पार्टीच वर्षाला चाळीस हजारांच्या पुढं जातो. टायर एक वीस हजारांच्या पुढं, आणि असे बारा. गाडी आठ वर्षांच्या वरची असली तर फिटनेस सर्टिफिकेट दरवर्षी. डिझेल, फास्टॅग, हमाली, क्लीनर, आणि रिकामा फेरा आला तर सगळं खिशातनं. आणि माल कोण देणार? शेठच. म्हणजे गाडी तुमची, भाडं त्यांच्या मर्जीचं, आणि गाडी बिघडली तर ती मात्र पूर्ण तुमची. आज तुम्ही दमलात तर निदान गाडी लावून झोपू शकता, हप्ता डोक्यावर असलेला माणूस पहाटे तीनला गाडी लावत नाही. हप्ता भरायला थोडं ओव्हरलोड करू असं पण होतं, त्याचा दंड 20 हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार आहे. स्वतःची गाडी घेऊन पुढं गेलेले लोक आहेत, नाही असं नाही, पण त्यांच्या हातात आधी सहा महिन्यांचे हप्ते आणि स्वतःच्या दोन-तीन पार्ट्या होत्या. तुमच्या हातात 60 हजारांची उचल आहे. आत्ता नको, हे मी स्पष्टच सांगते. आणि पुढं कधी घेतलीच तर आरसी नावावर झाल्याशिवाय, फायनान्सची एनओसी, राहिलेली ई-चलनं आणि टॅक्स बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. हप्ते तुम्ही भरा, गाडी नावावर नंतर करू, असं कुणी म्हणालं तर तिथंच उठा.

एमआयडीसी. चिंचोळीला किंवा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात लागलात तर पगार तुमच्या आत्ताच्या पगारापेक्षा बराच कमी, हे तुम्हीच लिहिलंय. पण एक हिशोब तुम्ही केलेला नाही. 26-27 हजारातले रोडवर तुमचे स्वतःचे किती जातात? एका ट्रिपचं सगळं मोबाइलवर लिहून ठेवा, जेवण, चहा, तंबाखू, अंघोळ, रिचार्ज, चौकात द्यावे लागतात ते, सगळं. घरी खरंच किती पोचतात तो आकडा काढा आणि मग एमआयडीसीच्या पगाराशी तुलना करा, फरक तुम्हाला वाटतो तेवढा निघणार नाही. तरी पण, सोळा वर्षं मोकळ्या रोडवर काढलेला माणूस आठ तास एका मशीनपुढं उभा राहील का, नाइट शिफ्ट आली तर घरी असूनही झोपलेलाच असेल का, हे बायकोबरोबर बसून बोला. तिनं "लाइन सोडा" म्हणलंय, पण तिला नेमकं काय पाहिजे ते विचारलंत का कधी? कदाचित तिला एमआयडीसी नकोच असेल, आठवड्यातनं दोन रात्री घरात माणूस पाहिजे असेल.

आणि तसं असेल तर सोलापूरसारखं गाव नाही. पुणे अडीचशे, हैदराबाद तीनशे, विजयपूर शंभर, लातूर सव्वाशे, सगळ्या बाजूला हायवे. इथं राहून लांबची लाइन सोडायची म्हणजे स्टिअरिंगच सोडायचं असं कुठं आहे? मार्केट यार्डातनं कांद्याच्या गाड्या हैदराबादला जातात, होटगीकडनं सिमेंट निघतं, पाकणीच्या डेपोतनं पेट्रोल-डिझेलचे टँकर जिल्ह्यात आणि आजूबाजूला फिरतात. टँकरसाठी लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद लागते, त्याचं तीन दिवसांचं ट्रेनिंग असतं, सर्टिफिकेट घेऊन आरटीओत नोंद करून घ्यायची. हेवी लायसन्स आणि एवढा अनुभव असल्यावर स्कूल बसवाले पण विचारतात. पैसे लाँगपेक्षा कमी मिळतील पण एमआयडीसीपेक्षा बहुतेक बरे, आणि मुख्य म्हणजे सांगता येईल, परवा संध्याकाळी घरी आहे. मी तुमच्या जागी असते तर उचल फिटेपर्यंत आहे त्या गाडीवर, पण वर सांगितलेल्या अटींवर, आणि तेवढ्यात एक-एक सुट्टीला पाकणी, यार्ड, होटगी असं फिरून चौकशी करून ठेवली असती. नवीन काम हातात आल्यावरच जुनं सोडायचं.

आईला आणि भावाला काय सांगायचं? मुलगी पंधरा-सोळा वर्षांची आहे. कायद्यानं अठराच्या आत लग्न नाही आणि अठराला लगेच करायला पाहिजे असंही नाही. आत्ता तिच्या लग्नाचा नाही, अकरावी का डिप्लोमा का आयटीआय याचा विचार करायचाय, आणि तो तुम्ही करायचाय, कारण बाप अजून जिवंत आहे. बायकोकडं विडी कामगाराचं कार्ड असेल तर मुलांना केंद्राची स्कॉलरशिप मिळते, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर फॉर्म भरायचा असतो, उत्पन्नाची अट बघून घ्या, मुलीलाच सांगा मोबाइलवर बघायला. आणि भाऊ "कसं सोडतोस" म्हणतात ना, त्यांच्याशी भांडायचं नाही, एक काम द्यायचं, म्हणायचं, "आईच्या गोळ्या आणि महिन्याची शुगर तपासणी तुमच्याकडं." सल्ला देणाऱ्यानं थोडा भार उचलला की सल्ला पण बदलतो बऱ्याच वेळा.

कागदाचं पटकन सांगते, हे लाइनवरच्या सगळ्यांसाठी. बँकेत खातं आहे तिथं अपघात विमा वर्षाला 20 रुपये, जीवन विमा 436 रुपये, दोन्हीचे 2-2 लाख, दोन्ही चालू करा आणि वारस म्हणून बायकोचं नाव आहे ना ते बघा. असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड काढा. शेठच्या गाडीच्या पॉलिसीत पेड ड्रायव्हरचा, म्हणजे पगारी ड्रायव्हरच्या विम्याचा, प्रीमियम भरलाय का ते पॉलिसीचा कागद मागून वाचा, मोबाइलमध्ये फोटो काढून बायकोला पाठवा. उचल किती घेतली किती फिटली हे पण दर महिन्याला शेठच्या माणसाकडनं लिहून घ्या, तोंडी हिशोबात ड्रायव्हरची उचल कधी फिटत नाही.

घरी पोचल्यावर पहिला दिवस फक्त झोप, जेवण. काही विचारायचं नाही, डबे हलवायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी बायकोला विचारा, मी चार दिवस आहे, मी काय करू सांग. जे सांगेल तेच करा, पाणी भरणं असेल, कारखान्यात पाटी पोचवणं असेल. पोराला ओढून जवळ घेऊ नका, पाच वर्षांच्या पोराला तुमच्या अंगाचा वास पण नवीन आहे. त्याला खाली गाडीजवळ न्या, केबिनमध्ये बसवा, हॉर्न वाजवू द्या, तुम्ही जिथं महिनाभर राहता ती खोली त्याला दाखवा. आणि फोन रोज एकाच वेळेला, गाडी लावून, रात्री नऊ म्हणजे नऊ, चालवताना नाही. रेंज नसली तर आधी सांगून ठेवा, उद्या घाटात आहे, फोन लागणार नाही. शेठला सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेची सुट्टी आजच सांगा, जानेवारी आल्यावर नाही, आणि मुलीच्या दहावीच्या पहिल्या पेपरची पण. त्या दोन तारखा घरात कॅलेंडरवर मुलीच्या हातानं लिहायला लावा.

हे वाचणाऱ्या ज्या वहिनी आहेत, ज्यांचे मालक लाइनवर आहेत, त्यांना पण एक विनंती. रात्री गाडी चालू असताना फोन करून भांडण नको, काहीही झालं तरी. आणि ते लांब उभे राहून बघत असले तर त्यांना एखादं काम हातात द्या, त्यांना ते मागता येत नाही.

दादा, आज रात्री गाडी लावली की बायकोला शिवपुरीचं सांगा. ती रडेल, चिडेल, कदाचित म्हणेल आत्ताच्या आत्ता घरी या. ऐकून घ्या, लगेच उत्तर देऊ नका. पण तिच्यापासून हे लपवून तुम्ही तिच्याबरोबर गाडी, नोकरी, उचल कशाचाच निर्णय नीट घेऊ शकणार नाही, कारण ती ज्या रस्त्याचा विचार करतेय तो तुमचा खरा रस्ताच नाही. तिचं बोलून झालं की फोन मुलीला द्यायला सांगा. अभ्यास कसा चाललाय विचारू नका. तिला गुनाच्या पुढची नावं सांगा, शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा, मग दिल्ली, आणि येताना माल कुठला भरला, आत्ता या मिनिटाला कुठल्या गावात कुठल्या पंपावर उभे आहात ते. सावकाश सांगा, ती लिहून घेईल.